ज्येष्ठांचं समुपदेशन शिकायचंय. वय ४३, बीकॉम. कुठून सुरुवात करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. बीकॉम झाल्यावर सोळा वर्षं एका पतसंस्थेत काउंटरवर होते. २०१९ मध्ये सासूबाईंचं विसरणं वाढलं, म्हणून रजा टाकली. वाटलं होतं दोन महिन्यांत बसेल घडी. शेवटी नोकरी सोडली आणि पुढची पाच वर्षं घरीच. गेल्या वैशाखात त्या गेल्या.

शेवटचं दीड वर्ष त्या मला सून म्हणून ओळखत नव्हत्या. अक्का म्हणायच्या. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कवठेमहांकाळला दिलेली, माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरातले सगळे त्यांना दुरुस्त करायचे. "आई, अक्का कुठली, अक्का गेली की. ही तुमची सून." त्यांचा चेहरा पडायचा, कारण अक्का गेल्याची बातमी त्यांना दर वेळी नव्यानंच कळायची. एका दुपारी मला राहवलं नाही. म्हटलं, "होय गं, अक्काच आहे. काय म्हणतेस?" त्यांनी पदराची गाठ सोडून सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "दादांनी लई मारलं का गं तुला?" मग साठेक वर्षं पोटात ठेवलेलं काहीबाही त्या मला सांगत बसल्या. काय ते इथे लिहीत नाही. त्या रात्री मात्र शांत झोपल्या.

मी केलं ते बरोबर की चूक, विचारायला कुणी नव्हतं. आम्ही जिथे दाखवत होतो तिथे काउन्सेलर म्हणून एक मुलगी बसायची. तिनं एक फॉर्म दिला, बावीस प्रश्नांचा, काळजी घेणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजायचा. दिला माझ्या नवऱ्याला. ह्यांनी इमानदारीत भरला. ताण कमी निघाला. मी तेव्हा खाली वाकून सासूबाईंची एक चप्पल शोधत होते.

तेव्हापासून डोक्यात आहे की हे काम नीट शिकावं. मुलगी यंदा बारावी देऊन बाहेरगावी जाईल, हे म्हणतात कर. पण कुणाला विचारावं कळत नाही. बीकॉमवर मानसशास्त्रात एमए करता येतं का? घरबसल्या होईल का? म्हातारी माणसं आणि त्यांच्या घरचे, यांच्याशी कसं बोलावं हे वेगळं कुठे शिकवतात, की सगळीकडे शाळकरी मुलं आणि नवरा-बायकोची भांडणंच? आणि शिकून ४६ व्या वर्षी बाहेर पडले तर मला विचारणार कोण?

खिडकीतली_मांजर

वयाची काळजी सोडाच हो. मी २२ व्या वर्षी इंटर्नशिपला वृद्धाश्रमात गेले होते. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी माझं सगळं प्रास्ताविक ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान बोलतेस बाळ. आता तुझ्या आईला पाठव." तुम्ही म्हणजे ती आई!

(मी आता शाळेत समुपदेशक आहे. पळून गेले.)

निवृत्त_टपाल

वय वर्षे ७६, मुक्काम मिरज. गिऱ्हाइकाच्या बाजूनं कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो.

सौ. गेल्यावर मुलीनं बंगळुरूहून माझ्यासाठी व्हिडिओवर समुपदेशन ठरवलं. मला नीट सांगितलं नव्हतं. ठरल्या वेळी फोन वाजला, पडद्यावर एक गोड मुलगी. म्हणाली, "सर, आपलं पूर्ण नाव आणि जन्मतारीख कन्फर्म कराल का?" मला वाटलं केवायसीवाले चोर. पोलिसात देईन म्हणालो आणि फोन ठेवला. मुलगी अजून हसते.

दुसऱ्यांदा लागला. तिनं विचारलं, सर, छंद काय आहेत? मी ३४ वर्षं टपाल वाटलेला माणूस, बायको गेलीय, आणि ही मला सांगते बागकाम करा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात जो कुणी व्याख्याता येतो तो हेच सांगतो. छंद जोपासा, सकारात्मक राहा, मुलांच्या संसारात लुडबुड करू नका. आम्ही टाळ्या वाजवतो आणि बटाटेवडा खातो.

तेव्हा ताई, शिका जरूर. पण जिथे तुम्हाला गप्प बसायला शिकवतील तिथे शिका.

काठी_चष्मा_कवळी

कृष्णाकाठची ताई, तुमची ती चप्पल वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. माझ्याकडून झालेली अगदी तीच चूक खाली सांगते.

मी ठाण्यात असते. एमए समुपदेशन मानसशास्त्र, काम सुरू करून बारा वर्षं झाली. त्यातली नऊ फक्त ज्येष्ठांबरोबर. मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंत घरोघरी जाते, कारण माझे निम्मे क्लायंट जिना उतरू शकत नाहीत.

आधी कडू बातमी. घरबसल्या मानसशास्त्र करायचा रस्ता नव्या लोकांना बंद झाला आहे. २०२१ च्या आरोग्यव्यवसायांच्या कायद्यात जे विषय येतात ते दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवू नका, असं यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सांगितलं, आणि त्यात मानसशास्त्र आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी मुलांचे डबे करून, रात्री अभ्यास करून तसं एमए केलं. त्यांच्यासाठी वाईट वाटतं. पण खरं सांगू, हे काम घरी बसून शिकता येत नाही असंच माझंही मत आहे. अजून कुणी 'सहा आठवड्यांत सर्टिफाइड जेरियाट्रिक काउन्सेलर' असली जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका.

बीकॉमवर एमए: विद्यापीठागणिक नियम वेगळे. काही ठिकाणी बीएला मानसशास्त्र लागतंच, काही ठिकाणी कुठलीही पदवी आणि प्रवेशपरीक्षा चालते. तुमच्यासाठी मला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, जास्त बरं वाटतं. त्याला कुठलीही पदवी चालते. कोल्हापूरला सायबर नावाच्या कॉलेजात आहे, सांगलीहून जाऊन-येऊन जमेल. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, १९६३ पासूनची. मुंबईला यायची तयारी असेल तर टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि निर्मला निकेतन ही समाजकार्याची कॉलेजं. एमएसडब्ल्यूत साधारण आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क असतं आणि तुम्हाला हवंय ते तिथेच आहे. स्पेशलायझेशनची नावं बघून बिचकू नका. 'फॅमिली अँड चाइल्ड वेल्फेअर' असं असतं, म्हणजे कुटुंब आणि मूल. आजी-आजोबा त्या कुटुंबात गृहीत धरलेले, आपल्या घरात असतात तसेच. 'मेडिकल अँड सायकियाट्रिक' घेतलंत तर इस्पितळं, स्मृतिभ्रंश, मानसोपचार विभाग हे सगळं जवळ येतं.

नावात 'ज्येष्ठ' असलेला अभ्यासक्रम शोधत बसलात तर थोडंच सापडेल. दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था ज्येष्ठांच्या सेवेबद्दल एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवते, तसे आणखीही काही डिप्लोमे आहेत. ते पदवीनंतर जोड म्हणून घ्या. नुसत्या डिप्लोमावर समुपदेशन करू नका.

माझ्या एमएत वार्धक्य किती होतं? विकासात्मक मानसशास्त्राच्या पेपरात शेवटचं प्रकरण. मानसशास्त्रज्ञ एरिक्सननं माणसाच्या आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्यात, त्यातली आठवी, एका बाजूला जगलो ते बरं जगलो ही भावना आणि दुसऱ्या बाजूला वैफल्य. परीक्षा आठवड्यावर आलेली, बाईंनी पंचवीस मिनिटांत उरकलं. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं नाव मी पदवी हातात पडल्यावर पहिल्यांदा ऐकलं. म्हातारी माणसं जुनं तेच तेच उगाळतात ते डोकं भरकटल्यामुळे, असं पूर्वी डॉक्टरसुद्धा धरून चालायचे. बटलरनं १९६३ मध्ये मांडलं की नाही, शेवट जवळ आला की माणूस आयुष्याचा हिशेब तपासायला घेतो, ते त्याचं कामच आहे, आणि ऐकणारा नीट भेटला तर हिशेब लागतो. तुम्ही सासूबाईंसमोर अक्का होऊन बसलात तेव्हा हे नाव माहीत नसताना तेच केलंत. चूक नव्हती. स्मृतिभ्रंशात माणसाला दर वेळी आपल्या तारखेत ओढून आणायचं नसतं, त्याच्या मागे त्याच्या काळात जायचं असतं. इतर घरचे दुरुस्त करत होते तेही प्रेमापोटीच, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुद्दा. कुठल्याही कॉलेजात जाल तिथे एकच विचारा: माझ्या केसवर माझ्याबरोबर बसून दर आठवड्याला कोण बोलणार? त्या व्यक्तीनं म्हाताऱ्या माणसांबरोबर स्वतः काम केलंय का? याला आम्ही सुपरव्हिजन म्हणतो. अभ्यासक्रमाचं पुस्तक पीडीएफमध्ये मिळतं, हे मिळत नाही.

माझ्या सुपरव्हायजर तेव्हा सत्तरीच्या होत्या, स्वतः श्रवणयंत्र लावायच्या. पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याकडे ऐटीत एक केस घेऊन गेले. कळव्याच्या आजी, ८१ वर्षं. मी त्यांना १५ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली दिली होती. ती खास वृद्धांसाठीच आहे, सगळी उत्तरं हो-नाहीत. त्यात एक प्रश्न असतो, बाहेर जाऊन नवीन काही करण्यापेक्षा घरी बसणं तुम्हाला आवडतं का? आजी म्हणाल्या हो. एक गुण. अंगात भरपूर उत्साह वाटतो का? नाही. एक गुण. असे सात झाले. पाचच्या वर गेलं की पुढे तपासावं असा संकेत आहे. मी निष्कर्ष लिहूनसुद्धा टाकला. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कितवा मजला? लिफ्ट आहे?" तिसरा मजला, लिफ्ट नव्हती, दोन्ही गुडघे गेलेले. आणि एका प्रश्नाला आजींनी जे उत्तर दिलं होतं ते मी 'लागू नाही' म्हणून सोडून दिलं होतं. आयुष्य रिकामं वाटतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "रिकामं? सहा पोरं काढली मी ह्या दोन खोल्यांत. रिकामं व्हायला जागा कुठं होती?"

दुसरी केस डोंबिवलीची. वडील ८४, पार्किन्सन्स. फी मुलगा देणार, फोन त्यानंच केलेला. दिवाणखान्यात मीटिंग: मुलगा, मुलगी, धाकटा मुलगा कॅनडाहून स्क्रीनवर, मध्ये आरामखुर्चीत काका. मी काकांना विचारलं झोप कशी लागते, उत्तर मुलानं दिलं. जेवणाचं विचारलं, उत्तर मुलीनं दिलं. कॅनडा सगळ्यांत जास्त बोलला. दीड तास चर्चा झाली, रात्रीचा माणूस ठेवायचा असं ठरलं. मी खूश. सगळं लिहून मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं:

"चहा कोणी केला?"

मला प्रश्नच कळेना. चहा दोनदा आला होता, सोबत पोहेही. सुनेनं आणला होता. काकांना रात्री तीन वेळा उठवून बाथरूमला नेणारी, चड्डी बदलणारी, गोळ्यांच्या वेळा पाठ असलेली तीच होती. दीड तासाच्या मीटिंगमध्ये ती चार मिनिटं खोलीत होती, तीही ट्रे घेऊन. माझ्या टिपणात तिचं नावसुद्धा नव्हतं. रात्रीचा माणूस आठ दिवसांत निघून गेला, कारण तो झोपणार कुठे हे फक्त तिलाच ठाऊक होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता मी कुठल्याही घरी गेले की पहिल्या भेटीत पाणी सोडून काही घेत नाही. सगळ्यांना बसवते. मग मुलाला काहीतरी झेरॉक्स काढायला खाली पाठवते आणि म्हाताऱ्या माणसाशी एकटीनं बोलते. चांगल्या कानाच्या बाजूला बसायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं. ओरडायचं नाही, आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा. टीव्ही बंद. कवळी काढून ठेवलेली असेल तर ती लावेपर्यंत थांबायचं. ह्या गोष्टी कुठल्या पेपरात येत नाहीत आणि निम्मं काम ह्यांनीच होतं.

आणखी एक फार जपून शिकण्यासारखं. आपल्याकडे म्हातारी माणसं उठता-बसता म्हणतात, "देवानं आता न्यावं." बहुतेक वेळा तो नुसता सुस्कारा असतो. पण प्रत्येक वेळी नसतो, आणि खास करून एकट्या पडलेल्या पुरुषांच्या तोंडून आलं तर मी थांबते. सरळ विचारायचं: देवानं न्यावं एवढंच वाटतं, की आपणच काही करावं असंही मनात येतं? विचारल्यानं नसतं खूळ डोक्यात भरत नाही. पहिल्यांदा विचारताना माझे हात थरथरले होते. ते काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले, मग त्यांनी कपाटातल्या एका डब्याबद्दल सांगितलं. डबा त्याच संध्याकाळी मुलीच्या ताब्यात गेला, दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे. ते अजून आहेत, मला दर दिवाळीला स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवतात. (हा धागा वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं काही असेल तर १४४१६, टेलिमानस, चोवीस तास. ज्येष्ठांच्या बाकीच्या अडचणींसाठी १४५६७.)

कायदाही थोडा शिकावाच लागतो. समुपदेशनाला म्हणून बोलावतात आणि तिसऱ्या भेटीत कळतं की फ्लॅटचं बक्षीसपत्र झालंय आणि सूर बदललाय. २००७ च्या आई-वडिलांच्या निर्वाह कायद्यात कलम २३ आहे: सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे ते प्रांतांसमोर चालतं, वकील लागत नाही. ती अट कितपत स्पष्ट हवी यावर सर्वोच्च न्यायालयाचे २०२२ आणि २०२५ चे निकाल आहेत, दोन्हींचा सूर वेगळा आहे. तुम्ही पतसंस्थेत होतात, कागद वाचता येतो, हे तुमचं भांडवल समजा. सल्ला वकिलानं द्यायचा, पण कधी वकिलाकडे पाठवायचं ते आपल्याला कळलं पाहिजे.

फार लिहिलं. भाजी करपली.

एडिसनवाली

वरच्या काठी_चष्मा_कवळी ताईंना दंडवत. "चहा कोणी केला" मी माझ्या ऑफिसात चिकटवणार आहे.

मी न्यू जर्सीत परवानाधारक काउन्सेलर आहे, मूळची नाशिकची. इथलं सांगते, तुलना म्हणून. इथे समुपदेशनाची मास्टर्स ६० क्रेडिटची. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर. त्यानंतर राज्याच्या नियमाप्रमाणे हजारो तास कुणाच्या तरी देखरेखीखाली, मग परवाना. तुमच्या ताई म्हणतात ते सुपरव्हिजन इथे घड्याळ लावून मोजतात.

पण ज्येष्ठांच्या बाबतीत अमेरिकाही काही फार शहाणी नाही. इथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेकडे वार्धक्य-समुपदेशन ही वेगळी शाखा होती, १९९० च्या दशकात सुरू केलेली. विद्यापीठांनी ती घेतलीच नाही, आणि २००९ च्या नियमावलीतून ती काढून टाकली. पुढची गंमत अशी, की ६५ च्या वरच्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, तो आमच्यासारख्या काउन्सेलरांचे पैसे देतच नव्हता. १ जानेवारी २०२४ पासून द्यायला लागला. माझ्या सोशल वर्कर मैत्रिणी कितीतरी वर्षं आधीपासून घेत होत्या. म्हणजे काम आलं तेव्हा शिकवणारी शाखा बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. म्हणूनच कृष्णाकाठची, एमएसडब्ल्यूला माझंही मत.

माझ्याकडे येणारे मराठी आई-बाबा बहुतेक ग्रीन कार्डावर मुलाकडे आलेले. सरकारी विमा विकत घ्यायचा तरी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं, तोवर मुलगा प्रत्येक खोकल्याला घाबरतो. गाडी चालवता येत नाही, नोव्हेंबरात पाचला अंधार. एक आजी मला म्हणाल्या, "घर एवढं मोठं आहे की रडायला कुठली खोली घ्यावी ते ठरवावं लागतं." मुलगा-सून बाहेर इंग्रजीत 'शी इज अॅडजस्टिंग वेल' सांगत होते. नातू दारात उभा राहून ऐकत होता, त्याला दोन्ही भाषा येत होत्या. त्या घरातला दुभाषा तोच, वय ११. आमच्याकडे नियम आहे की घरच्या लहान मुलाला दुभाषा करायचं नाही. मी मराठीत बोलते हे कळल्यावर त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि खेळायला गेला.

कृष्णाकाठची

काय बोलू. रात्री सगळं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चहाच्या ठिकाणी हे उठून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, "तो फॉर्म तूच भरायला हवा होतास." पाच वर्षांनी. असो.

काठी ताई, दोन शंका. एक, पैशांचं खरं सांगा, नवऱ्याच्या एका पगारावर दोन वर्षं काढायची आहेत. दुसरी, मी अजून सासूबाईंच्या खोलीत गेले की मला तिथला वास येतो. अशा अवस्थेत दुसऱ्यांच्या घरात जाऊन मी काय मदत करणार?

काठी_चष्मा_कवळी

पैसे: घरी जाऊन भेटीचे मी आज १५०० घेते, प्रवास धरून. आठवड्याला बारा-तेरा भेटी होतात, त्यातल्या दोन-तीन फुकट. पहिली तीन वर्षं ह्यावर घर चाललं नसतं, नवऱ्याचा पगार होता म्हणून टिकले. एमएसडब्ल्यूवाल्यांना इस्पितळात किंवा संस्थेत पगाराची जागा मिळू शकते, सुरुवातीला तोच रस्ता धरा. पगार भरमसाट नसतो. सांगलीत घरभेटीला किती देतील मला अंदाज नाही, ठाण्याचा आकडा डोक्यात धरू नका.

दुसरी शंका. एक वर्ष झालंय फक्त. प्रवेश घ्यायच्या आधी, किंवा घेतल्यावर, स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे जाऊन बसा. चांगल्या ठिकाणी हे करायला सांगतातच. नाहीतर प्रत्येक म्हातारीत तुम्हाला सासूबाई दिसतील आणि प्रत्येक सुनेची बाजू तुम्ही घ्याल. मी घेतलेली आहे. एका घरातून त्यापायी मला 'पुन्हा येऊ नका' असंही सांगितलंय, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. वास येतोय तोवर शिकायचं नाही असं मात्र नाही. मॅडमना सांगितलं असतंत तर त्यांनी विचारलं असतं, कसला वास?

कृष्णाकाठची

कडुलिंबाच्या साबणाचा आणि सुपारीचा.

सोमवारी कोल्हापूरला जाऊन सायबरमध्ये चौकशी करून येते. केसवर कोण बसतं ते विचारते.

निवृत्त_टपाल

मिरजेहूनच गाडी धरणार असाल तर येताना उतरा. आमचा संघ गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता भरतो, पण आम्ही सात-आठजण रोजच कट्ट्यावर असतो. सरावाला माणसं कमी पडणार नाहीत. एकाला ऐकू येत नाही, एक सारखा तेच सांगतो (तो मी), आणि एकाचं घरी काहीतरी बिनसलंय, पण तो आम्हाला सांगत नाही. त्याच्याशेजारी बसा.

चहा आम्ही करतो. साखर हवी असेल तर स्वतःची आणा, आम्ही ठेवत नाही.